अपेंडिसायटिस: दुखणं कुठे सुरू झालं, कुठे गेलं

पोट दुखतंय म्हणून कुणी सर्जनकडे गेलं, की पहिला प्रश्न बहुधा ‘किती दुखतंय?’ असा नसतो. सुरुवात कुठे झाली, कधी झाली, आधी उलटी झाली की आधी दुखलं, असं ते विचारत जातात. कळा सोसणाऱ्या माणसाला या चौकशीचा कंटाळा येतो. आत्ता दुखतंय ते बघा, काल रात्रीचं कशाला विचारताय, असं त्याला वाटतं. पण अपेंडिसायटिसचं, म्हणजे अपेंडिक्सला आलेल्या सुजेचं, निम्मं निदान याच उत्तरांमध्ये असतं. या आजाराला एक क्रम आहे, आणि तो क्रम आतड्याला चिकटलेल्या एका छोट्या नळीत तासागणिक जे घडतं त्यातून आलेला आहे. ते घडणं एकदा समजलं, की लक्षणांची यादी पाठ करावी लागत नाही. म्हणून आधी त्या नळीकडे बघू.

नळी आणि तिची जागा

लहान आतडं पोटाच्या उजव्या बाजूला, खालच्या अंगाला, मोठ्या आतड्याला येऊन मिळतं. जिथे मिळतं त्याच्या खाली मोठ्या आतड्याचा एक पिशवीवजा भाग असतो, त्याला सीकम म्हणतात. या पिशवीतून निघालेली, दुसऱ्या टोकाला बंद असलेली बारीक नळी म्हणजे अपेंडिक्स किंवा आंत्रपुच्छ. बहुतेकांमध्ये ती ८ ते १० सेंटीमीटर लांब असते. कुणाची जेमतेम २ सेंटीमीटर असते, तर कुणाची २० सेंटीमीटरपर्यंतही जाते. जाडी साधारण ६ मिलिमीटर आणि आतली पोकळी त्याहून कितीतरी अरुंद.

या नळीचं मूळ सगळ्यांमध्ये जवळपास एकाच ठिकाणी असतं. शेंडा मात्र कुठेही असू शकतो. बहुतेकदा तो सीकमच्या मागे दडलेला असतो, काही जणांमध्ये खाली ओटीपोटात उतरलेला असतो, तर कधी लहान आतड्याच्या पुढे किंवा मागे वळलेला असतो. ही बारीकशी वाटणारी गोष्ट लक्षात ठेवा. अपेंडिसायटिस ओळखताना चांगल्या चांगल्या डॉक्टरांची पंचाईत होते ती बऱ्याचदा या शेंड्यामुळे.

अपेंडिक्स काहीच कामाचं नाही, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. डार्विनचंही मत तसंच होतं. आता चित्र थोडं बदललं आहे. या नळीच्या भिंतीत प्रतिकारशक्तीशी संबंधित लसिका ऊती भरपूर असतात, विशेषतः लहानपणी आणि किशोरवयात. जुलाबांनी आतडं धुऊन निघालं, तरी उपयोगी जिवाणूंचा थोडा साठा या आडबाजूच्या नळीत शिल्लक राहत असावा, अशी मांडणी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये केली. तेव्हा ‘टाकाऊ’ हा शब्द मला तरी या अवयवाला लावावासा वाटत नाही. तरीही ते काढल्यावर पचनात किंवा रोजच्या जगण्यात काही कमी पडत नाही. शस्त्रक्रियेची वेळ आली तर या भीतीने थांबू नये.

बंद नळीत काय होतं

नळीचं एक टोक जन्मतःच बंद आहे. दुसरं, म्हणजे आतड्याकडचं तोंडही बंद झालं, की अडचण सुरू होते. हे तोंड बंद होण्याची दोन कारणं सर्वाधिक आढळतात. एक म्हणजे विष्ठेचा वाळून कडक झालेला खडा. दुसरं म्हणजे भिंतीतल्या लसिका ऊतींची सूज. पोटात किंवा शरीरात इतरत्र एखादा संसर्ग झाला, की या ऊती प्रतिसाद म्हणून फुगतात आणि आधीच अरुंद असलेली वाट बुजवतात. या ऊती तरुण वयात जोमात असतात, आणि अपेंडिसायटिसही सर्वाधिक आढळतो तो १० ते ३० वर्षांच्या वयात. जंत, फळाची बी किंवा गाठ यांमुळेही तोंड बंद होऊ शकतं, पण अशी उदाहरणं थोडी.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. शस्त्रक्रियेत काढलेल्या प्रत्येक अपेंडिक्समध्ये असा अडथळा सापडतोच असं नाही. पुष्कळ वेळा नळी सुजलेली असते आणि आत खडा नसतो, बी नसते, काहीच नसतं. त्यामुळे ‘मलाच का झालं?’ या प्रश्नाला डॉक्टरांकडे अनेकदा नेमकं उत्तर नसतं. लोक मग स्वतःच उत्तर शोधतात. बिया गिळल्या म्हणून झालं, जेवून लगेच पळाला म्हणून झालं. घरात मूल आजारी असेल तर आई-वडील स्वतःलाच दोष देत बसतात. त्यात तथ्य नाही. बियांमुळे अपेंडिसायटिस होणं इतकं दुर्मीळ आहे, की त्यासाठी फळं खाणं सोडू नये. हा आजार एकापासून दुसऱ्याला होत नाही. घरात आई-वडिलांना किंवा भावंडांना झालेला असेल तर शक्यता थोडी वाढते, एवढं मात्र खरं. एरवी हा आजार इतका सर्रास आहे, की शंभरातल्या सात-आठ जणांना आयुष्यात कधी ना कधी तो होतो. स्त्रियांपेक्षा पुरुषांत थोडा जास्त.

तोंड बंद झालं तरी नळीचं आतलं अस्तर चिकट स्राव तयार करतच राहतं. त्याला बाहेर जायला वाट नाही. नळी ताणली जाते, आतला दाब वाढत जातो. दाबाखाली आधी चेपतात त्या पातळ भिंतींच्या शिरा, ज्यांतून रक्त परत जायचं असतं. रक्त आत येतंय पण बाहेर जात नाही, म्हणून भिंत आणखी सुजते. आतड्यात एरवी शांतपणे राहणारे ई. कोलाय, बॅक्टेरॉइड्ससारखे जिवाणू या तुंबलेल्या जागेत भराभर वाढतात आणि दुबळ्या झालेल्या भिंतीत शिरतात. पुढे धमनीतून येणारा पुरवठाही थांबतो. आतड्याच्या इतर भागांना रक्त पोहोचवायला पर्यायी वाटा असतात. अपेंडिक्सची धमनी मात्र एकटीच, तिला जोडरस्ता नाही. पुरवठा थांबलेला भाग सडतो, तिथे भोक पडतं आणि आतला पू व विष्ठा पोटाच्या पोकळीत सांडते.

दुखणं सरकतं ते का

नळी उजवीकडे खाली आहे, मग पहिली कळ बेंबीभोवती का येते? या आजारातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग हाच.

आतड्यांच्या संवेदना त्वचेसारख्या नसतात. आतडं कापलं किंवा भाजलं तर त्याला जवळजवळ कळत नाही, पण ताणलं गेलं की लगेच कळतं. लहान आतडं, अपेंडिक्स आणि मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग हे सगळं गर्भावस्थेत एकाच नळीच्या मधल्या तुकड्यातून बनतं. त्यामुळे त्यांच्या ताणाची खबर मज्जारज्जूत साधारण एकाच पातळीवर पोहोचते, आणि बेंबीभोवतीच्या त्वचेच्या नसाही तिथेच येऊन मिळतात. समजा, एका इमारतीतल्या दहा खोल्यांना मिळून एकच घंटा आहे. घंटा वाजली एवढं पहारेकऱ्याला कळतं, पण कुठल्या खोलीतून वाजली ते कळत नाही. मेंदूचं तसंच होतं. तो आपल्या सवयीनुसार त्या घंटेचा पत्ता ‘बेंबीच्या आसपास’ असा लावतो.

म्हणून पहिले काही तास दुखणं पोटाच्या मध्यभागी, बोथट आणि पसरट असतं. ‘नक्की कुठे?’ विचारलं तर माणूस बोट ठेवत नाही, सबंध तळहात पोटावर फिरवतो. गॅस झाला असेल, ॲसिडिटी असेल, काल काहीतरी बाधलं असेल, असा समज होतो तो याच वेळी. याच नसांच्या जाळ्यामुळे अन्नावरची वासना उडते, मळमळतं, एखाद-दोन उलट्या होतात.

मग सूज नळीच्या आतल्या थरांतून बाहेरच्या थरापर्यंत येते. सुजलेली नळी पोटाच्या भिंतीच्या आतल्या अस्तराला टेकते. या अस्तराला पेरिटोनियम म्हणतात आणि त्याच्या नसा त्वचेच्या नसांसारख्या नेमक्या असतात. आता घंटा त्या त्या खोलीची. दुखणं बेंबीपासून निघून पोटाच्या उजव्या बाजूला, खाली येऊन स्थिरावतं, साधारण १२ ते २४ तासांत. ते टोकदार आणि सलग होतं, आणि माणूस आता एका बोटाने जागा दाखवू शकतो.

अस्तर दुखावलं, की हालचाल नकोशी होते. खोकलं, शिंकलं, गाडीला हादरा बसला, की उजवीकडे कळ येते. उजव्या पायावर उडी मारायला सांगितलं तर मूल नाही म्हणतं, किंवा एकदा मारून पोट धरून बसतं. माणूस वाकून, जपून चालतो आणि झोपला की उजवा गुडघा किंचित दुमडून निपचित पडून राहतो. मुतखड्याचा रुग्ण याच्या अगदी उलट वागतो. त्याला कुठल्याच कुशीवर चैन पडत नाही, तो गडबडा लोळतो. तपासायच्या आधी, नुसतं दारातून बघूनही अनुभवी डॉक्टर या दोघांत बराच फरक करतात.

ताप येतो तो यानंतर, आणि सुरुवातीला तो फार नसतो. अंगात कसर असते, थर्मामीटर ३७.५ ते ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास राहतो. पहिल्याच तासाला सणसणीत ताप आणि थंडी असेल, किंवा आधी भरपूर उलट्या-जुलाब होऊन मग पोट दुखायला लागलं असेल, तर बहुतेक वेळा आजार दुसराच असतो. आधी दुखणं, मग मळमळ-उलटी, मग दाबल्यावर उजवीकडे दुखणं, मग ताप आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींची वाढ, हा क्रम शंभरेक वर्षांपूर्वी शिकागोचे सर्जन जॉन मर्फी यांनी आग्रहाने मांडला. क्रम मोडलेला दिसला की त्यांना स्वतःच्याच निदानाचा संशय येत असे.

पण सगळ्यांचं दुखणं असं शहाण्यासारखं सरकत नाही

बेंबीकडून उजवीकडे सरकणारं दुखणं साधारण निम्म्याच रुग्णांत स्पष्ट दिसतं. बाकीच्यांत चित्र बिघडतं, आणि बऱ्याचदा दोष त्या भटक्या शेंड्याचा असतो. शेंडा सीकमच्या मागे असेल तर पोटाच्या पुढच्या भिंतीपर्यंत सूज पोहोचतच नाही. पोट दाबून फारसं दुखत नाही, दुखतं ते कमरेत किंवा पाठीत. शेंडा ओटीपोटात असेल तर तो मूत्राशयाला आणि गुदाशयाला चिकटून त्यांना डिवचतो, मग वारंवार लघवीला होते किंवा थोडे थोडे जुलाब होतात. अशा वेळी लघवीचा संसर्ग किंवा साधे जुलाब समजून औषधं दिली जातात आणि दोन दिवस निघून जातात. म्हणूनच ‘जुलाब होताहेत, म्हणजे अपेंडिक्स नाही’ असं ठामपणे म्हणू नये.

लहान मुलं ही वेगळीच काळजी. पाच वर्षांखालचं मूल ‘आधी इथे दुखलं, आता इथे दुखतंय’ असं सांगू शकत नाही. ते किरकिर करतं, खात नाही, उलटी करतं, पोटाला हात लावू देत नाही. त्यांच्या नळीची भिंत पातळ असते आणि पोटातला जो चरबीचा पडदा पुढे संसर्गाला अडवतो तो नीट वाढलेला नसतो. त्यामुळे या वयात आजार कळतो तेव्हा नळी फुटलेली असण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा बरंच जास्त आहे. खेळतं मूल अचानक गप्प पडून राहिलं आणि पाय पोटाशी घेऊन झोपलं, तर ते लक्षण म्हणूनच घ्यायला हवं.

वृद्धांमध्ये बऱ्याचदा ताप येत नाही, दुखणं सौम्य असतं, पोट कडक होत नाही, आणि आत मात्र आजार झपाट्याने पुढे गेलेला असतो. गर्भवती स्त्रीमध्ये मळमळ आणि उलट्या एरवीही असतात, पांढऱ्या पेशी एरवीही वाढलेल्या असतात. वाढत्या गर्भाशयामुळे अपेंडिक्स वर सरकून दुखणं नेहमीपेक्षा वर जाणवू शकतं, तरी बहुतेकींमध्ये ते उजवीकडेच असतं. गरोदरपणी होणाऱ्या, बाळंतपणाशी थेट संबंध नसलेल्या तातडीच्या शस्त्रक्रियांमध्ये अपेंडिक्सची शस्त्रक्रिया सर्वाधिक केली जाते. नळी फुटली तर बाळाचा धोका बराच वाढतो, म्हणून ‘पोटुशी आहे, दुखायचंच’ असं म्हणून वाट बघणं घातक ठरू शकतं.

उजवीकडे खाली दुखलं म्हणजे प्रत्येक वेळी अपेंडिक्सच, असंही नाही. मुतखडा, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि मुलांमध्ये आतड्याजवळच्या लसिका ग्रंथींची सूज यांतही तिथेच दुखतं. मुलग्यात वृषणाला पीळ पडला तरी दुखणं पोटात जाणवतं, आणि तो लाजेने सांगत नाही. स्त्रियांमध्ये बीजकोशाला पडलेला पीळ किंवा गर्भाशयाबाहेर राहिलेला गर्भ ही तितकीच तातडीची कारणं आहेत. म्हणून तरुण स्त्रीचं पोट दुखत असताना डॉक्टरांनी पाळीबद्दल विचारलं किंवा गर्भचाचणी करायला सांगितली, तर त्यात वावगं वाटून घेऊ नये. त्या एका चाचणीने जीव वाचू शकतो.

दुखणं अचानक थांबलं तर

लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या दिवसभरात नळी फुटण्याची शक्यता कमी असते. २४ ते ३६ तासांनंतर ती वाढत जाते. सगळ्यांची नळी एकाच वेगाने बिघडत नाही, काहींची लवकर फुटते तर काहींची सूज आपोआप ओसरतेही. पण कुणाचं काय होणार हे घरी बसून ओळखता येत नाही.

सर्वांत फसवा क्षण फुटण्याचा. ताणलेली नळी फुटली की आतला दाब एकदम उतरतो, आणि दुखणं कमी झाल्यासारखं वाटतं. रात्रभर तळमळलेला माणूस म्हणतो, आता बरं वाटतंय. घरचेही सुस्कारा टाकतात. काही तासांनी दुखणं परत येतं ते सबंध पोटात. पोट फळीसारखं कडक होतं, ताप चढतो, नाडी जलद होते, जीभ कोरडी पडते. पोटाच्या अस्तराला सर्वत्र संसर्ग झालेला असतो आणि तो रक्तात पसरला तर जिवावर बेतते. दिवसभर वाढत गेलेली पोटदुखी काही उपचार न करता एकाएकी निवळली आणि माणूस तरीही आजारी, मलूल दिसत असेल, तर ती सुटका समजू नका. तशीच गाडी काढा आणि रुग्णालय गाठा.

कधी शरीर स्वतः बंदोबस्त करतं. पोटात आतड्यांवर पसरलेला ओमेंटम नावाचा चरबीचा पडदा आणि शेजारची आतडी सुजलेल्या नळीभोवती गोळा होतात आणि संसर्गाला कोंडून टाकतात. तीन-चार दिवसांनी उजवीकडे हाताला गोळा लागतो. आत पू साठला तर गळू होतं. १९०२ मध्ये इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचं असंच झालं होतं. राज्याभिषेक २६ जूनला ठरलेला, पाहुणे लंडनमध्ये जमलेले, आणि दोन दिवस आधी, २४ जूनला, सर्जन फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांना राजाच्या पोटातलं गळू उघडून पू काढावा लागला. अपेंडिक्स त्यांनी काढलंच नाही. राजा सावरला आणि ९ ऑगस्टला त्याचा राज्याभिषेक झाला.

त्या काळाच्या थोडंच आधी या आजाराचं मूळ कुठे आहे यावरच एकमत नव्हतं. उजव्या बाजूच्या अशा गळवांचा दोष सीकमला दिला जायचा. बॉस्टनचे डॉक्टर रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ मध्ये मृत्यूनंतरच्या तपासण्यांचा पुरावा मांडून दाखवलं, की बहुतेक वेळा सुरुवात अपेंडिक्समध्ये होते. अपेंडिसायटिस हे नावही त्यांनीच दिलं, आणि वेळेवर नळी काढली तर माणसं वाचतील हेही सांगितलं. योगायोग असा, की अपेंडिक्स काढल्याची नोंद असलेली पहिली शस्त्रक्रिया त्याच्या दीडशे वर्षं आधी, १७३५ मध्ये, लंडनमध्ये झाली होती. क्लॉडियस अमियांड यांनी ११ वर्षांच्या मुलाच्या हर्नियावर शस्त्रक्रिया करताना आत टाचणीने भोक पडलेलं अपेंडिक्स सापडलं म्हणून ते काढलं. भुलीचा शोध तेव्हा लागायचा होता. त्या मुलाने काय सोसलं असेल!

दवाखान्यात काय बघतात

कमरेच्या हाडाचं पुढे हाताला लागणारं टोक आणि बेंबी यांना जोडणारी रेघ मनात काढा. हाडाकडून एक तृतीयांश अंतरावरचा बिंदू म्हणजे मॅकबर्नी बिंदू. न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये तो दाखवून दिला. अपेंडिसायटिसमध्ये इथे दाबलं की सर्वाधिक दुखतं, आणि बऱ्याचदा दाबलेला हात एकदम उचलला की आणखी दुखतं. डावीकडे दाबल्यावर उजवीकडे कळ येणं हीही एक खूण. या खुणा घरी करून बघू नका. त्यांचा अर्थ लावायला सराव लागतो, आणि वारंवार दाबल्याने त्रासच होतो.

रक्तात पांढऱ्या पेशी आणि सीआरपी (शरीरात सूज असली की वाढणारं एक प्रथिन) बघतात, लघवी तपासतात. लक्षणं, तपासणी आणि रक्ताचे अहवाल यांना गुण देऊन दहापैकी किती होतात ते बघण्याची एक पद्धत १९८६ पासून वापरात आहे, तिला अल्वाराडो स्कोअर म्हणतात. मुलांमध्ये आणि गर्भवतींमध्ये आधी सोनोग्राफी करतात. गरज पडली तर प्रौढांना सीटी स्कॅन, गर्भवतींना एमआरआय. सोनोग्राफीत ६ मिलिमीटरपेक्षा जाड आणि दाबल्यावर न चेपणारी नळी दिसली तर निदान पक्कं होतं.

पण सोनोग्राफीच्या अहवालात ‘अपेंडिक्स दिसले नाही’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा लोक ते ‘अपेंडिक्सला काही झालेलं नाही’ असं वाचतात. या दोन गोष्टींत फार अंतर आहे. आतड्यातल्या वायूमुळे, जाड पोटामुळे किंवा नळी मागे दडल्यामुळे ती दिसतच नाही, असं अनेकदा होतं. सीटी स्कॅन बराच खात्रीचा असतो, शंभरातले पंचाण्णवच्या आसपास रुग्ण तो पकडतो. तरी सुरुवातीच्या तासांत रक्त आणि सोनोग्राफी दोन्ही साधी येऊ शकतात. डॉक्टरांनी ‘सहा-आठ तासांनी पुन्हा तपासू’ म्हटलं तर ती टाळाटाळ नव्हे. ज्या आजाराची ओळख क्रमावरून पटते, त्यात दुसऱ्यांदा तपासणं हीच एक तपासणी असते.

तिथे पोहोचेपर्यंत

आधी धडधाकट असलेल्या माणसाचं पोट सहा तासांहून जास्त सलग दुखत राहिलं, उजवीकडे सरकलं किंवा हालचालीने वाढायला लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. रात्र असेल तरी. पोट साफ होत नाही म्हणून दुखतंय असं समजून जुलाबाचं औषध घेऊ नये, एनिमाही नको. त्याने आतड्याची हालचाल वाढते आणि सुजलेली नळी फुटण्याचा धोका वाढतो. पोट चोळणं आणि गरम पाण्याची पिशवी ठेवणंही टाळावं. भूल द्यावी लागण्याची शक्यता असते, म्हणून निघताना काही खाऊ-पिऊ नये. घरी उरलेली अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने सुरू करणं सर्वांत वाईट. आजार अर्धवट दबतो आणि खुणा पुसट होतात.

वेदनाशामकाचं काय? ते दिल्याने निदान चुकतं, असं पूर्वी मानत. आता अभ्यासांवरून स्पष्ट झालं आहे, की डॉक्टरांनी तपासताना दिलेल्या वेदनाशामकामुळे निदानाला बाध येत नाही. रुग्णाला विनाकारण तळमळत ठेवू नये. घरी मात्र गोळीवर गोळी घेऊन दोन दिवस काढू नयेत. घेतलीच असेल तर कोणती, किती वाजता, ते डॉक्टरांना सांगावं. दुखणं कधी सुरू झालं, कुठे सुरू झालं, पहिली उलटी कधी झाली, हेही कागदावर लिहून न्यावं. घाईत हे सगळं विसरायला होतं.

कापायचं की औषधांवर राहायचं

मुख्य उपचार शस्त्रक्रियाच. आता ती बहुधा दुर्बिणीतून, दोन-तीन छोट्या छेदांतून होते. जर्मनीत कुर्ट सेम यांनी १९८० मध्ये पहिल्यांदा तशी केली. गुंतागुंत नसेल तर रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो, आठ-पंधरा दिवसांत कामाला लागतो, जड वजन मात्र डॉक्टर सांगतील तोवर उचलायचं नाही. निदान झाल्यावर शस्त्रक्रिया लगेच तासाभरात झाली नाही म्हणून घाबरून जाऊ नये. नळी फुटलेली नसेल, रुग्ण रुग्णालयात असेल आणि सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू असेल, तर काही तास थांबण्याने नुकसान होत नाही. नुकसान होतं ते घरी काढलेल्या तासांनी.

नुसत्या अँटिबायोटिकवर भागतं का, हा प्रश्न आता बरेच रुग्ण विचारतात आणि तो रास्त आहे. फिनलंडमध्ये सीटी स्कॅनने साधा अपेंडिसायटिस असल्याची खात्री झालेल्या प्रौढांवर एक मोठी चाचणी झाली. औषधांवर ठेवलेल्यांपैकी २७ टक्के लोकांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावी लागली, पाच वर्षांत हा आकडा ३९ टक्क्यांवर गेला. म्हणजे दहातल्या सहा जणांची शस्त्रक्रिया पाच वर्षं तरी टळली. अमेरिकेतल्या २०२० च्या चाचणीत नळीत खडा असलेल्यांचंही पाहिलं गेलं. त्यांच्यातल्या दहापैकी चारजणांना तीन महिन्यांतच शस्त्रक्रिया लागली. हे आकडे बघता मला वाटतं, औषधांचा पर्याय खरा आहे, पण तो निवडून केलेल्या उपचाराचा आहे, शस्त्रक्रियेला घाबरून पळण्याचा नाही. स्कॅनमध्ये खडा नाही, नळी फुटलेली नाही, डॉक्टर लक्ष ठेवून आहेत आणि पुन्हा दुखलं तर रुग्णालय हाताशी आहे, अशा वेळी तो विचारात घ्यावा. गर्भवती आणि खडा असलेले रुग्ण यांच्यासाठी शस्त्रक्रियेकडेच कल ठेवलेला बरा.

गोळा किंवा गळू झालं असेल तर मात्र हिशोब वेगळा. सगळं एकमेकांना चिकटलेलं असताना घाईने कापायला गेलं तर चांगल्या आतड्यालाच इजा होऊ शकते. आधी अँटिबायोटिक, पू असल्यास सोनोग्राफीच्या मदतीने नळी घालून निचरा, आणि अपेंडिक्स नंतर काढायचं की नाही हा निर्णय काही आठवड्यांनी. वय चाळिशीच्या पुढे असेल तर या दरम्यान मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणीही करतात, कारण त्या वयात गोळ्याआड कर्करोग दडलेला असू शकतो.

काढलेलं अपेंडिक्स तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवतात. शंभरातल्या एखाद्या नमुन्यात लहानशी गाठ निघते. बहुतेकदा ती नळीबरोबर निघून गेलेली असते आणि पुढे काही करावं लागत नाही, पण गाठ मोठी किंवा मुळापाशी असेल तर पुढचे उपचार लागतात. हा अहवाल रुग्ण घरी गेल्यानंतर काही दिवसांनी येतो, आणि बरं वाटत असल्यामुळे पुष्कळ जण तो घ्यायला जातच नाहीत. टाके दाखवायला जाल तेव्हा तो मागून घ्या आणि त्यात काय लिहिलंय ते डॉक्टरांकडून समजून घ्या.